शेवटच्या ओळीतलं नाव

हिंदुराव गवयांचा गळा इंदापुरात एक नंबर. पण गळा असला म्हणजे चीज बांधता येते असं थोडंच आहे! दुसऱ्यांच्या चिजा गाण्यात त्यांची पन्नाशी उलटली, स्वतःची एक ओळ जमली नाही. आणि शेजारच्या घरी दर गुरुवारी बारामतीहून गाणं शिकवायला येणारा याकूब सिद्दी? जंजिऱ्याचा माणूस, पूर्वज आफ्रिकेतून आलेले. चाळीस चिजा बांधून मोकळा. शेवटच्या ओळीत बांधणाऱ्यानं आपलं नाव गुंफायची रीत असते. तिथं हा ‘सिदीपिया’ घालायचा. माणूस गेला तरी नाव गाजत राहतं. हिंदुरावांच्या पोटात दुखायचं ते नेमकं इथंच.

त्यात घरची विजयमालाबाई तांदूळ निवडताना याकूबच्याच चिजा गुणगुणायची.

“आमचं गाणं कधी येत न्हाय व्हय तुज्या तोंडात?”

“तुमचं कुठलं?” बाईनं साधेपणानं विचारलं. हिंदुरावांना त्या दिवशी घास गिळवला नाही.

छत्तीस सालच्या गणेशोत्सवात त्यांनी डाव टाकला. याकूबची नवी चीज अजून कुणी मैफलीत गायली नव्हती. भिंतीआडून ऐकून ती पाठ झाली होतीच. ‘सिदीपिया’ काढून ‘हिंदपिया’ घातलं; मात्रा तेवढ्याच. आठवडाभर रोज सकाळी घोकलं. याकूब काही त्या दिवशी बारामतीहून येत नाही, असा अंदाज होता.

तो आला, आणि पुढंच बसला. पण आता माघार कसली? हिंदुराव इरेला पेटून म्हणाले, “नवी चीज गातो. कुणी बांधली ते शेवटच्या ओळीत कळंल.”

गाणं असं रंगलं की त्यांना स्वतःचंही भान राहिलं नाही. शेवटची ओळ आली आणि चार महिने घरात जे कानांवर पडलं होतं तेच गळ्यातून खणखणीत बाहेर पडलं: सिदीपिया!

हिंदुरावांनी जीभ चावली. मांडव मात्र टाळ्यांनी दणाणला. याकूब डोळे पुसत वर आला आणि त्यानं सरळ पाय धरले.

“हिंदुराव, आजवर भर मैफलीत माझं नाव कुणी घेतलं न्हाय. गाळूनच गातात सगळे. तुमी एवढ्या मोठ्या मनाचे असाल असं वाटलं नव्हतं.”

“पुन्हा! पुन्हा!” लोक ओरडत होते. बायकांच्या बाजूला विजयमालाबाई पदरानं डोळे टिपत होती. नवऱ्याचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

हिंदुरावांनी तंबोरा जवळ ओढला आणि तेच नाव पुन्हा घेतलं. या खेपेला जाणूनबुजून.