फुलीचा टाका

"कुलूप तुमचं की माझं?" टेलरबाईंनी विचारलं.

"तुमचंच लावा की," स्टेशनात सामान ठेवून घेणारा कारकून म्हणाला. "आमचं कुलूप ट्रंकेला नसतं, खोलीला असतं."

"आणि खोलीची किल्ली?"

"माझ्याकडे."

"म्हणजे झालंच."

"अहो बाई, संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्ही निवांत गाव बघून या. तट आहे, वेस आहे, राजवाडा आहे. लोक लांबून मुद्दाम येतात."

लोक मुद्दाम येतात हे टेलरबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या घरातूनच एक माणूस वर्षानुवर्षं मुद्दाम येत असावा, असा त्यांना संशय होता. ट्रंकेचं कुलूप त्यांनी दोनदा ओढून पाहिलं, कारकुनाचा चेहरा नीट लक्षात ठेवला आणि कापडी पिशवी काखेत घट्ट धरून त्या बाहेर पडल्या.

त्यांचा नवरा पाण्याच्या पंपांचा फिटर. सुटे भाग आणायला त्याला अधूनमधून कंपनीच्या कारखान्यात जावं लागे आणि परतताना याच स्टेशनात गाडी बदलावी लागे. मधला अर्धा दिवस रिकामा. "काय करता हो तिथे एवढा वेळ?" असं टेलरबाई विचारत. "काही नाही, वेशीपाशी बसतो," एवढंच उत्तर मिळे. आणि घरी आल्यावर बघावं तर शर्टाचं एखादं बटण दुसऱ्याच हाताने लावलेलं असे.

टेलरबाई चार भोकांचं बटण दोन सरळ रेघांत लावत. हे लावलेलं असे फुलीत, निळ्या शर्टावर तपकिरी दोऱ्याने, बटणाच्या मुळाशी दोऱ्याचे वेढे देऊन. हात बाईचा होता यात त्यांना शंका नव्हती. पुरुष वेढे देत बसत नाहीत, बटण पडलं तर पडू देतात. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि नवरा तर पंपाचा फिटर.

ज्या बाईपुढे माणूस शर्ट काढून बसतो ती त्याची कोण, हे त्यांनी नवऱ्याला कधीही विचारलं नाही. तोंडातून ब्र काढला नाही. तो अंघोळीला गेला की त्या फुली उसवत, बटण आपल्या पद्धतीने करकचून लावत आणि शर्ट परत खुंटीवर अडकवत. शेवटच्या खेपेला मात्र तो आला तोच तापाने फणफणून, आणि अंथरुणावरून उठलाच नाही. तो शर्ट तसाच राहिला, फुलीसकट.

आता टेलरबाई शिवणाचं मशीन मोडीत काढून लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या. लेकीने बैठकीच्या खोलीत बाबांचा मोठा फोटो लावून ठेवला होता. "रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून चहा पी गं आई," असं ती फोनवर म्हणाली होती. उरलेलं आयुष्य त्या फोटोसमोर काढायचं, तर फोटोतला माणूस आपलाच होता ना, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून त्यांनी ही आडवळणाची गाडी धरली आणि शर्ट पिशवीत घेतला. लेकीला सांगितलं, दुसऱ्या गाडीचं तिकीटच मिळालं नाही.

स्टेशनाबाहेर पडताच गाव त्यांच्या अंगावर आलं. चहावाल्याने न मागता जास्त साखर घातली. टेलरबाईंना वाटलं, काल उरलेला चहा खपवतोय. रस्ता विचारला तर एकाने डावीकडे हात केला, दुसऱ्याने उजवीकडे, आणि दोघेही त्यांना संगनमत केल्यासारखे वाटले. खिडक्यांतून बायका खाली बघत होत्या. टेलरबाई त्यातली प्रत्येक बाई वयाने मोजत होत्या. ही फार तरुण, ती फार म्हातारी, ती मात्र बरोबर बसते.

तटाशी एका वाटाड्याने त्यांना गाठलं. "बाई, तट दाखवतो. आतला भुयारी रस्ता, तोफा, सगळं."

"भुयारात मला कशाला नेता?"

"नेतो कसला, दाखवतो. राजा तिथून पळाला होता."

"पळणारच," टेलरबाई म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. वाटाड्याच्या छातीवरचं बटण फुलीत लावलेलं होतं. तपकिरी दोरा. मुळाशी वेढे. त्यांनी पुढे होऊन ते बटण चिमटीत धरलं.

"अहो बाई, काय करताय!"

"हे कुणी लावलं?"

"बटण? बटणवालीने." वाटाड्या एक पाऊल मागे सरकला. "वेशीत बसते. अख्खं गाव तिच्याकडेच जातं. गाडी बदलायला उतरलेले लोकसुद्धा. तट दाखवू की नको?"

पण टेलरबाई केव्हाच वेशीकडे वळल्या होत्या. अख्खं गाव जातं म्हणे. जात असेल. पण यांचं बटण दर खेपेला बरं तुटत होतं!

वेशीच्या जाड भिंतीत पूर्वी पहारेकऱ्याला बसायला कोनाडा केलेला होता. त्यात एक बाई पुढ्यात बटणांचं तबक घेऊन बसली होती. वय बरोबर बसत होतं. केस पांढरे, पण चेहरा तरतरीत, आणि हसताना गालाला खळी पडत होती. टेलरबाईंना ती खळी मुळीच आवडली नाही. समोरच्या बाकावर एक प्रवासी बनियनवर अवघडून बसला होता. त्याचा शर्ट तिच्या मांडीवर होता. तिने दोरा तोडला, शर्ट झटकून त्याच्या हातात दिला आणि टेलरबाईंकडे पाहिलं.

"बसा. काय तुटलंय?"

टेलरबाईंनी शर्ट काढून तिच्यापुढे धरला. "हा टाका तुमचा?"

बटणवालीने चष्मा वर सरकवला. "माझाच. का? निघाला का?"

"निघाला नाही. ज्यांचा शर्ट, ते आठवतात का?"

"रोज इतके शर्ट येतात..." असं म्हणत तिने कॉलर पाहिली, बाहीला लागलेला ग्रीसचा जुना डाग पाहिला. "फिटर ना? अंगठा चेपलेला?"

टेलरबाईंनी पिशवी काखेत आणखी घट्ट धरली. हिला अंगठासुद्धा माहीत.

"बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत," बटणवाली म्हणाली.

"गेले."

बटणवालीचे हात थांबले. तिने शर्ट मांडीवर सरळ केला. मग हळूच विचारलं, "तुम्ही टेलरबाई का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. दुसरं बोलायचे काय? मी चेष्टा करायचे, बायको टेलर आणि बटण लावायला माझ्याकडे? तर म्हणायचे, घरी बटण तुटलेलं दाखवलं तर ती हातातलं काम टाकून लावत बसेल. दिवसभर लोकांचं शिवून डोळे दुखतात तिचे. मला इथे वेळच वेळ आहे."

"आणखी?"

"आणखी काय? बनियनवर बसायची लाज वाटायची त्यांना. पिशवी छातीशी धरून बसायचे, शर्ट हातात येईपर्यंत."

टेलरबाईंना ते चित्र दिसलं आणि हसू येता येता राहिलं. "आणि मी टाका उसवते, ते माहीत होतं त्यांना?"

"तर काय! पुढच्या खेपेला यायचे आणि आधी तेच दाखवायचे. बघा, म्हणायचे, तुमचं काढून टाकलं. तिला दुसऱ्याचा टाका खपत नाही, धंद्याचा अभिमान आहे तिला. एवढं कौतुकाने सांगायचे की मला रागच यायचा."

टेलरबाई बाकावर बसल्या. अभिमान! रागाने दात खाऊन उसवलेली प्रत्येक फुली त्यांना आठवली. तुटलेलं बटण मात्र एकही आठवेना. सबंध गल्लीच्या कपड्यांना त्यांनी बटणं लावली होती. नवरा समोर जेवायला बसे तेव्हा त्याच्या छातीवर लोंबणारं बटण त्यांना दिसलं नव्हतं. दुसरीने लावलेलं तेवढं दिसलं. त्यांना रडू आलं आणि परक्या गावात, भर वेशीत, त्या रडल्या. बटणवालीने तबक बाजूला सारून त्यांना पाणी दिलं.

"उजव्या बाहीचं गेलंय," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लावून देऊ?"

टेलरबाईंनी बाही पाहिली. तिथे नुसते दोन धागे होते. इतके दिवस शर्ट कपाटातून काढून पुन्हा पुन्हा निरखला होता, आणि हे दिसलं नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. "मी लावते. तेवढा दोरा ओवून द्या. मला आता दिसत नाही."

बटणवालीने तबकातून जुळतं बटण शोधलं आणि सुई ओवून दिली. टेलरबाईंनी दोन सरळ रेघांत बटण लावलं, तपकिरी दोऱ्याने. गाठ मारून दोरा दाताने तोडला.

"घट्ट आहे," बटणवाली बोटाने ओढून पाहत म्हणाली.

"तुमचाही सुटला नाही," टेलरबाई म्हणाल्या. छातीवरच्या फुलीला त्यांनी हात लावला नाही.

ट्रंक जागच्या जागी होती. कुलूप न बघताच त्यांनी ती हमालाच्या डोक्यावर दिली. गाडीत खिडकीशी जागा मिळाल्यावर शर्ट मांडीवर घेतला आणि खालून वरपर्यंत एकेक बटण लावत गेल्या. मग दोन्ही बाह्यांची लावली. लेकीच्या घरच्या फोटोत नवरा हाच निळा शर्ट घालून बसला होता. फोटोत त्या शर्टाची बटणं सगळी होती का, हे काही केल्या त्यांना आठवेना.