सत्यभामेची चव

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्या लोहाऱ्यात माणूस औषधाला सापडत नाही. सगळे आपापल्या शेतात, पूजेला आणि जेवायला. त्या दिवशी भज्जी हवीच: पालेभाज्या, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, सगळं बेसनात रटरटवलेलं. आणि भज्जी करावी ती सत्यभामेनंच, असं सगळं शिवार मानतं. सगळ्यात आधी ती स्वतः मानते. मी नवरा, मान डोलावतो.

सून शिवकन्या उमरग्याची. लग्न होऊन आल्यापासून दर येळवशीला ती आपलं वेगळं पातेलं करते, आणि सासू एक घास खाऊन तोंड वाकडं करते. यंदा पोरगी मला म्हणाली, आता नावं ठेवली तर या घरात परत भज्जीला हात लावणार नाही. डोळे भरले होते तिचे. मला फार वाईट वाटलं, पण सत्यभामेपुढं बोलायची माझी काय टाप!

सासूच्या पातेल्याला पांढरं फडकं होतं, सुनेच्या पातेल्याला लाल. शेतात जीपमधून उतरवताना मी ती फडकी अदलाबदल करून बांधली. मुद्दामच.

पूजा झाली, पंगत बसली. सत्यभामेनं लाल फडक्याच्या पातेल्यातला घास घेतला. बेसन कच्चं, आंबटाला ताळ नाही, म्हणाली. पांढऱ्यातलं खाल्लं नि तिचा चेहरा खुलला. पाहुण्यांनी री ओढली. शिवकन्या खाली मान घालून वाढत राहिली.

मला राहवेना. फडकी मीच बदलली, म्हणून सांगून टाकलं. पंगतीत हशा झाला. सत्यभामेचं तोंड एवढंसं झालं आणि मला माझाच राग आला.

ती मात्र चिडली नाही. तिनं दोन्ही भज्ज्या पुन्हा सावकाश खाऊन पाहिल्या. मग सुनेला जवळ बसवून घेतलं.

"आता कळल्यावर मला माझीच चांगली लागाय लागली गं," ती म्हणाली. "मघाशी हीच कच्ची हुती. मग इतकी वर्सं तुला नावं ठिवली, ती कशाच्या जोरावर?"

शिवकन्येला रडू आवरेना. "खावा आत्या, गार व्हतंय," एवढंच ती कसंबसं बोलली.

सत्यभामेनं सुनेची भज्जी ताटभर वाढून घेतली.

"पुढल्या येळवशीला तू एकटीच कर," ती म्हणाली. "म्या खाते अन् गप बसते."