दोष आढळला नाही

कल्याणच्या बाजारपेठेत आबांचं नारळाचं दुकान पन्नास वर्षांचं. पाटी नाही, आणि कधी लागलीही नाही. लग्नाचा, वास्तुशांतीचा, ओटीचा नारळ लोक तिथूनच नेत, कारण आबांचा नारळ नासका निघत नाही अशी ख्याती होती. ती काही आपोआप आली नव्हती. पोतं उघडलं की आबा एकेक नारळ कानाशी नेत, हलवत, वर नखाने टिचकी मारत. पाणी खळखळलं तर नारळ फळीवर, आवाज बद्द आला तर मागच्या टोपलीत. टोपली संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत रिकामी होई. नासका नारळ वैऱ्यालाही देऊ नये, एवढंच आबांचं तत्त्वज्ञान, आणि ते त्यांना जन्मभर पुरलं.

म्हणूनच दर मंगळवारी देवीला नारळ वाहणारी जाईबाई दुकानात आली की फळीकडे बघायचीसुद्धा नाही. "आबा, एक द्या," म्हणायची, दिलेला नारळ पिशवीत टाकायची आणि चालू लागायची. तीस वर्षांत तिने एकदाही नारळ हलवून पाहिला नव्हता.

आबांचा मुलगा गुणाजी. बापाचा कान त्याने पुरेपूर उचलला होता, स्वभाव मात्र तसूभरही नाही. आबा सकाळचं भांडण दुपारी विसरत. गुणाजी डूख धरणारा. चौथीत ज्याने त्याच्या दप्तरावर शाई ओतली, त्याच्या लग्नाचं आमंत्रण वीस वर्षांनी आलं, तर याने ते शाईच्याच पेनाने 'येणार नाही' लिहून परत पाठवलं. अशा माणसाच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये. प्रीतम गेला.

प्रीतम म्हणजे ठाण्यात, वागळे इस्टेटच्या अंगाला असलेल्या एका गाड्यांच्या शोरूमचा मॅनेजर. गेल्या दसऱ्याला गुणाजीने त्याच्याकडून नवीकोरी पिकअप घेतली, वाशीच्या घाऊक बाजारातून माल आणायला. तेव्हा प्रीतमच्या तोंडात साखर होती. गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, गुणाजीच्या हातात पुठ्ठ्याची हातभर चावी आणि सगळ्यांचा हसरा फोटो. नारळ गुणाजीने घरचा आणला होता. फुटला तो असा पांढराशुभ्र, की प्रीतमने तिथल्या तिथे जाहीर केलं, "गुणाजीशेठ, यापुढे आमच्या डिलिव्हरीचे नारळ तुमच्याकडूनच." तेव्हापासून दर सोमवारी दहा नारळ शोरूमला जाऊ लागले. हसरा फोटो 'आमचे आनंदी ग्राहक' म्हणून भिंतीवर लागला.

आनंद चार महिने टिकला. मग दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला. तिसरा पडला तर निघेना, निघाला तर पडेना. पुढे इंजिनाने मान टाकली. शिळफाट्याच्या साध्या चढावर गाडी काळा धूर ओकत धापा टाकायची आणि मागचे रिक्षावाले गुणाजीच्या सात पिढ्या काढायचे. वर इंजिन ऑइल पिऊन टाकायचं, दर पंधरवड्याला.

गुणाजी शोरूमच्याच वर्कशॉपला गेला. एकदा नाही, अकरा वेळा. पहिल्या वेळी नवी गाडी आहे, बसायला वेळ लागेल म्हणाले. तिसऱ्या वेळी सॉफ्टवेअर बदललं म्हणाले. पाचव्या वेळेपासून एकच सूर लागला, तुम्ही ओव्हरलोड करता. गाडी दोन-दोन दिवस आत ठेवायची, धुऊन पुसून परत द्यायची आणि सोबतच्या कागदावर एक ओळ छापून द्यायची, 'तपासणी केली. दोष आढळला नाही.' असे अकरा कागद गुणाजीने जपून ठेवले. दरम्यान शेठचा काका झाला होता आणि काकाचा 'ओ नारळवाले'. विकताना पायघड्या आणि विकल्यावर पायताण, ही जात कुठेही गेलं तरी सारखीच.

तरी गुणाजी अजून रीतसर तक्रारच करत होता. पाणी डोक्यावरून गेलं ते श्रावणात. गाडीत नारळाची पोती आणि शेजारी आबा. पत्री पुलाचा चढ निम्मा चढला, तोच गिअर सुटला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरली. हँडब्रेक धरला म्हणून ती कठड्याला टेकून थांबली. पोती फुटून नारळ उतारावर धावत सुटले, लोक ते उचलून नेऊ लागले. पण गुणाजीचं तिकडे लक्ष नव्हतं. आबांचं कपाळ समोर आदळलं होतं आणि शहात्तर वर्षांचा तो माणूस भुवईवरचं रक्त धोतराच्या सोग्याने पुसत पोरालाच विचारत होता, "तुला लागलं नाही ना रे?"

चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी गुणाजी गाडी ओढून वर्कशॉपला घेऊन गेला. म्हणाला, माझा बाप मेला असता. प्रीतमने मोबाइलवरून नजर वर केली. आजूबाजूला सात-आठ गिऱ्हाइकं होती, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "गाडीत काही नाहीये ओ. नारळ विकणाऱ्याला गिअर टाकायची सवय नसते. माणूस ठेवा."

दोघंतिघं हसले. गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो भांडला नाही. बारावा कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि जाता जाता नम्रपणे विचारलं, "सोमवारचे नारळ नेहमीसारखे पाठवू ना?"

"पाठवा की," प्रीतम म्हणाला.

त्या सोमवारी दहांत एक नारळ मागच्या टोपलीतला होता. गुणाजीने त्याची शेंडी विंचरली, डोळ्यांवरची बुरशी पुसली, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला. नवरदेव झाला नुसता. शोरूममध्ये तो फुटला आणि आतून काळं पाणी निघालं. प्रीतमने हसत सांगितलं, शुभ असतं, गाडीची दृष्ट निघाली. गिऱ्हाईकही हसलं. पुढच्या सोमवारी तीन दृष्टी निघाल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी पाच, आणि डोंबिवलीच्या एका कुटुंबाने गाडी तिथेच सोडून बुकिंग रद्द केलं. ज्यांनी नेली तेही घरी जाऊन बोललेच असणार. नारळ नासका निघाला की माणूस कितीही शिकलेला असो, गाडीच्या प्रत्येक खडखडाटाला त्याला तो नारळ आठवतो.

हे सगळं गुणाजीला सांगायचा शोरूमचा जुना शिपाई गोविंदा. पूजेचं ताट तोच मांडायचा. एकदा त्याने गुणाजीसमोर एक नारळ उचलून हलवला, गुणाजीकडे नीट पाहिलं आणि नारळ मुकाट्याने परत टोपलीत ठेवला. प्रीतम त्याला सगळ्यांसमोर 'ए म्हाताऱ्या' म्हणायचा. म्हाताऱ्याने तोंड उघडलं नाही.

पण एवढ्याने गुणाजीचं पोट भरेना. त्याला गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बदलून हवे होतेच, पण त्याहून जास्त हवं होतं प्रीतमचं पडलेलं तोंड, आणि तेही चारचौघांत. घोडामैदान जवळच होतं. दसऱ्याला शोरूम एकाच मुहूर्तावर एकवीस पिकअप देणार होती आणि त्यासाठी कंपनीचे मोठे साहेब पुण्याहून येणार होते. मधले नासके नारळ प्रीतमने पावसाळ्यावर ढकलले होते; त्याचा फोन आला, या वेळी एकवीस नारळ, एक नंबर पाहिजेत.

गुणाजी महिनाभर नासके नारळ जमवत होता. दुकानातले पुरेनात म्हणून वाशीच्या दलालांकडून मागून आणले. ते म्हणाले, वेडा झालास का. हा म्हणाला, नवस आहे. घरी आबांनी एकदा विचारलं, मागची टोपली हल्ली लवकर रिकामी होते ती कशी? कचरागाडी लवकर येते, असं सांगून गुणाजीने मान वळवली. बापाशी तो सहसा खोटं बोलत नसे.

दसऱ्याला शोरूम लग्नघरासारखी सजली होती. एकवीस गाड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीसमोर नव्या कपड्यांतलं एकेक कुटुंब, आणि मधे पांढऱ्या पँटमधले साहेब. गुणाजी आपल्या त्याच खिळखिळ्या पिकअपमधून नारळ घेऊन आला होता आणि मागे हात बांधून उभा राहिला होता. पहिला नारळ साहेबांच्या हस्ते. साहेबांनी तो दगडावर आपटला. काळंशार पाणी उसळलं आणि पांढऱ्या पँटवर गुडघ्यापर्यंत नक्षी उमटली. दुर्गंधी अशी सुटली, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

"दृष्ट निघाली, सर," प्रीतम घाईघाईने म्हणाला.

दुसरा फुटला, तोही तसाच. तिसरा, चौथा. सातव्या नारळाला कुणी हसेना. सातवी गाडी विठ्ठलवाडीच्या मालनबाईंची होती. डबे पोचवण्याच्या धंद्यासाठी त्यांनी ती बुक केली होती. त्या फुटक्या नारळाकडे बघत राहिल्या, मग हातातली पुठ्ठ्याची चावी त्यांनी खाली ठेवली आणि मला ही गाडी नको, असं शांतपणे सांगितलं. त्यांचा उतरलेला चेहरा गुणाजीने पाहिला. पण त्याने स्वतःची समजूत घातली, बाई वाचल्या.

साहेबांनी उरलेले चौदा नारळ तिथेच फोडायला लावले. एकही चांगला निघाला नाही. तोवर अर्ध्या लोकांनी मोबाइल बाहेर काढले होते. हे नारळ कुणी आणले, असं साहेबांनी विचारताच प्रीतमने गुणाजीचा दंड धरून त्याला पुढे ओढलं. "काय आहे हे? एकवीसच्या एकवीस? तपासून आणता येत नाहीत?"

गुणाजीने दंड सोडवून घेतला. खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि पाठ म्हणावा तसा वाचला.

"तपासणी केली. दोष आढळला नाही."

"काय?"

"नारळात काही नाहीये ओ. शोरूमवाल्यांना नारळ फोडायची सवय नसते. माणूस ठेवा."

लोकांत हशा पिकला. प्रीतमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. श्रावणापासून ज्या चेहऱ्यासाठी गुणाजी झुरला, तो पुरता समोर होता. त्याने तो डोळे भरून पाहिला. मग बाराच्या बारा कागद साहेबांच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "नारळ माझेच आहेत, साहेब. मुद्दाम आणलेत. बाहेरून चकचकीत, आत नासके. यांनी मला गाडी अशीच दिली. माझ्या बापाच्या कपाळाला चार टाके पडले, तरी यांना दोष आढळत नाही. गाडी बाहेर आहे. तुम्ही स्वतः चालवून बघा."

एवढे मोबाइल रोखलेले असताना साहेब नाही म्हणणार कसे? ते गाडीत बसले, मधे प्रीतमला घेतलं आणि कडेला गुणाजी. मागच्या रस्त्याच्या चढावर दुसरा गिअर साहेबांच्याच हातात सुटला आणि गाडी धूर सोडत मागे सरकली. साहेबांनी कचकन हँडब्रेक ओढला. "मागे माल किती आहे?" त्यांनी विचारलं. गुणाजी म्हणाला, काही नाही, तीन माणसं आहेत, त्यातलं एक जरा जड असेल. प्रीतम खिडकीकडे बघायलाही मोकळा नव्हता, मधे बसला होता.

पंधरा दिवसांत गाडीला नवं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स बसला. प्रीतमची बदली झाली, कुठे ते गुणाजीने मुद्दाम शोधून काढलं आणि लांब आहे हे कळल्यावर त्याला रात्री छान झोप लागली. त्या दिवसाचा व्हिडिओ कल्याण-डोंबिवलीत मोबाइलमोबाइलवर फिरला. गुणाजीने तो निदान चाळीस वेळा पाहिला असेल. रिक्षावाले हात करायचे, बाजारात लोक पाठ थोपटायचे, जिरवलीस बरोबर म्हणायचे. आबांनीही तो कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. मागची टोपली त्यांनी त्या दिवसापासून आपल्या पायाशी ठेवून घेतली.

मग मंगळवार आला. गुणाजी दुकानासमोर गाडी लावून पोती उतरवत होता. इंजिन चालूच ठेवलं होतं, कारण त्याचा नितळ आवाज ऐकायचं त्याला वेड लागलं होतं. जाईबाई आली. "आबा, एक द्या," म्हणाली. आबांनी फळीवरचा नारळ उचलून दिला.

जाईबाईने तो पिशवीत टाकला नाही. थोडी घुटमळली. मग नारळ कानाशी नेला आणि हलवला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं हे दिसतच होतं, म्हणून तिने पुन्हा हलवला. "रागावू नका हं आबा," ती ओशाळून म्हणाली, "देवीचा आहे ना, म्हणून. तो व्हिडिओ पाहिला सुनेने." आणि पैसे ठेवून निघून गेली.

गुणाजीने जाऊन गाडीचं इंजिन बंद केलं. आबा काहीतरी बोलतील, शिव्या देतील, निदान त्याच्याकडे बघतील, म्हणून तो पोतं खांद्यावर तसंच धरून उभा राहिला. पुन्हा तीच वेळ आली असती तर त्याने पुन्हा तेच केलं असतं, हे त्याला माहीत होतं, आणि ते बापाला सांगायची हिंमत मात्र होत नव्हती.

पुढचं गिऱ्हाईक आलं. नवंच होतं, दुकान कुणाचं हेही त्याला ठाऊक नसावं. त्याने एक नारळ मागितला. आबांनी फळीवरून चांगला पाहून एक उचलला, फळीवरून पुढे झुकले आणि त्या परक्या माणसाच्या कानाशी तो नेऊन स्वतःच हलवून दाखवला.

"ऐका," आबा म्हणाले. "ऐकू येतंय ना पाणी?"