शंकेची नोंद

"करा ना सही, काका. कायले अडून बसले?" राजपालने कागद पुन्हा पुढे सरकवला.

देवमनकाका एकतीस वर्षं आमच्या गावचं पर्जन्यमापक वाचतात. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. राजपाल आमच्या ऑफिसातला कारकून. कागदावर एकच ओळ होती: 'सदर नोंद माझ्याकडून चुकीने झाली.' ती मीच टाइप केली होती. साहेबांनी सांगितलं म्हणून केली खरी, पण माझीच मला किळस येत होती.

पुण्याहून, हवामान खात्यातून आलेल्या निकिता मॅडमनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. त्यांच्या पावसाच्या संगणकी मॉडेलमध्ये तीस वर्षांची सरासरी अगदी झकास जुळत होती. काकांची वही मात्र उड्या मारायची. एका साली साडेचारशे मिलिमीटर, पुढच्याच साली तेराशे, आणि त्यातले दोनशे बत्तीस एकाच दिवसाचे. सही हवी होती ती याच नोंदीसाठी.

"कुठल्या साली किती पडेल, हे मॉडेलला अजून नीट सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "चढउतार ते कमीच दाखवतं. म्हणून अशा शंकेच्या नोंदी आम्ही..."

"म्हंजे त्याले जमत नाही, तं माहा पाऊस खोटा?"

मॅडमनी लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला.

"बाटलीत मावते किती, अन् तुमी लिवता किती!" राजपाल खिदळला. "बेरजेत घोळ झाला असंन."

"पहाटेपासून तीनदा रिकामी केली बाटली! भरली का मापाची, परत लावाची. नाही तं पानी वरून वाह्यते. थू तुह्या अकलेवर!"

"जाऊ द्या ना, जुनी गोष्ट हाये."

"जुनी?" काकांचा आवाज फाटला. "त्याच दिवशी माह्या बायकोले, चंपाले, लोकायनं खाटेवर घालून नाल्यापार नेलं. तुमी बी चाला म्हने. मी म्हनलं, साडेआठची नोंद घेतो अन् येतो. गेलो, तं नाला दोन्ही थड्या भरून. तिकडं दवाखान्यात तिनं जीव सोडला. मी इकडंच उभा."

मग राजपालने शाईचा पॅड उघडला. "हात कापत असंन तं अंगठा लावा. तेबी चालते."

शी! एकतीस वर्षं वही लिहिणाऱ्या माणसाला!

काकांनी कागद उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

"रत्नमाला, तूच टाइप केला ना हा? याच्यात अजून एक ओळ टाक, बाई. चंपाबाई देवमन चुकीनं मेली. मंग करतो मी सही."

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. काका समोर उभे होते, खिशातलं पेन काढून.