खांद्याविना राहिलेली जर्सी

मस्कतजवळच्या एका कामगार कॅम्पमध्ये, अकरा नंबरच्या खोलीत, दरवाज्यामागच्या खिळ्याला जी पिवळी जर्सी लटकतेय ना, ती मी. वर्ष झालं, कुणाशी बोलले नाही. आज बोलतेय, कारण भिकाजी कामावर गेलाय आणि त्याच्यासमोर हे सांगायला मला तोंड नाही.

भिकाजीला माझा मालक म्हणायचं तेही उगाच. मी त्याच्या मापाची नाहीच. तो किडकिडीत कोकणी माणूस, बावन्न वर्षांचा, आणि मी तीन एक्सेल. ज्याच्यासाठी मला शिवलं त्यानं मला पाहिलंसुद्धा नाही.

रुसैलला खेळाचे कपडे शिवणारा एक कारखाना आहे, तिथला माझा जन्म. कापड आधी पिवळंधमक छापलं, मग नूरैननं कापलं. नूरैन बिहारचा. माझे तुकडे हातात घेऊन तो म्हणाला, "ये किसके लिए है भाई, आदमी के लिए या भैंसे के लिए?" सगळे हसले. मी मात्र मनातल्या मनात फुशारले. एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगावर जायचं म्हणजे आपलं नशीबही तसंच मोठं असणार, असं मला वाटलं. नव्या कपड्याला असं वाटतंच.

शिवून झाल्यावर आम्ही सतरा जणी भिकाजीच्या टेबलावर आलो. भरतकामाचं मशीन त्याचं. बावीस वर्षं तो त्याच मशीनवर आहे. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम सुचित्रा मॅडमचं. त्या पुण्याच्या, राहायला अल् घुब्राला. कारखान्यात आल्या की भिकाजीपाशी दोन मिनिटं थांबायच्या, मराठी बोलायला मिळतं म्हणून.

"काका, ही ऑर्डर जरा स्पेशल आहे हं," त्या म्हणाल्या. "रग्बी लीग. तेरा-तेरा जण आणि वर चार बदली असतात, चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यांनी पकडून पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा."

"म्हणजे आमची कबड्डीच," भिकाजी म्हणाला. "देश खयचो?"

"निऊए. पॅसिफिक महासागरात एवढासा ठिपका आहे. अख्ख्या देशात दोन हजारसुद्धा माणसं नाहीत."

भिकाजीचा हात थांबला. "दोन हजार? अहो मॅडम, आमच्या गावाएवढो देश! मगे टीम कशी होता?"

"बेटावर कुठे आहेत मुलं! सगळी न्यूझीलंडला कामाला. टोंगा, सामोआ, फिजी, सगळीकडे तेच. मुलं मोठ्या देशांत, क्लबांकडून खेळतात. पण आपल्या बेटाची मॅच असली की जमतात. आजोबा बेटावरचे असले तरी चालतं."

जमतात, हा शब्द भिकाजीला फार आवडला. दिवसभर तो प्रशांतला तेच सांगत होता. प्रशांत त्याच्याच तालुक्यातला, नुकताच आलेला, मशीन शिकत होता. "जमतत रे पोरां. सातासमुद्रापलीकडसून जमतत."

मग मॅडमनी आणखी एक रीत सांगितली. देशाकडून जो पहिल्यांदा खेळतो त्याला एक क्रमांक मिळतो. सगळ्यात पहिला खेळलेला तो एक, त्याच्यानंतरचा दोन, असं पुढे पुढे. पाठीवरचा आकडा सामन्यागणिक बदलतो, हा जन्मभर बदलत नाही आणि दुसऱ्या कुणाला देत नाहीत. तो कॉलरच्या आत, खेळाडूच्या नावासकट, भरतकामानं घालायचा.

भिकाजी म्हणाला, "म्हणजे मानाचो आकडो. आमच्याकडे पालखीक असता तसा."

आणि त्यानं आपली गोष्ट सांगितली. त्याच्या गावात रवळनाथाच्या जत्रेला पालखी निघते. पालखीला चार खांदे, चार घरांचे. मागचा उजवा खांदा भिकाजीच्या घराचा. तिथे दुसऱ्या कुणी खांदा द्यायचा नाही, घरातल्याच पुरुषानं द्यायचा. वडिलांनी दिला, मग थोरल्या भावानं दिला. भिकाजी मस्कतला म्हणून त्याला कधी द्यावा लागला नाही. पण आषाढात भाऊ गेला. आता ती जागा भिकाजीची होती. कार्तिकातल्या जत्रेसाठी त्यानं लगेच रजा मागून ठेवली होती, ती मंजूरही झाली होती. शुक्रवारचं गोव्याचं विमान, सोमवारी जत्रा. खांद्यावर ठेवायला त्यानं नवा पंचासुद्धा आणून ठेवला होता.

सगळं ठरलेलं होतं. माझ्यामुळे बिघडलं.

गुरुवारपर्यंत सोळा जर्सींचं भरतकाम झालं. सतरावी मी. माझ्या कॉलरमध्ये चौऱ्याण्णव हा आकडा घालायचा होता, पण नाव आलं नव्हतं. खेळाडू अजून हो-नाही करत होता. ऑकलंडहून संघाचं काम बघणाऱ्या एका वयस्कर बाईंचा निरोप आला, की सोळा पाठवा, सतराव्यासाठी थोडं थांबा, तो नक्की येईल.

सुचित्रा मॅडम भिकाजीपाशी आल्या. "काका, तुम्ही जा. प्रशांतला जमेल ना?"

प्रशांतनं त्याच आठवड्यात सरावाच्या दोन कॉलरी मशीनवर चुरगळून वाया घालवल्या होत्या. तो खाली मान घालून उभा राहिला.

भिकाजीनं मला हातात घेतलं, कॉलरीची रिकामी पट्टी बोटानं चाचपली. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. जा म्हणायला हवं होतं. पण मलाही नीट टाक्यांचं नाव हवं होतं, चुरगळलेलं नको होतं. हा माझा हावरटपणा मी कबूल करते.

"तो पोरगो उद्या व्हय म्हणालो आणि त्येका जर्सी नसली तर?" भिकाजी म्हणाला. "एवढ्याशा देशाचो माणूस. रवतंय मी. माझो साई आसा, तो धरीत खांदो."

साई त्याचा मुलगा, पुण्याला नोकरीला. त्याच दुपारी भिकाजीनं त्याला फोन लावला. फोन टेबलावर, माझ्याशेजारीच होता, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"बाबा, आता ऐन वेळी कसा जाऊ? माझी सुट्टी गणपतीत संपली. यावर्षी धरेल कोणीतरी."

"कोणीतरी कसो धरीत, बाळा? आपलो मान तो."

"बाबा, तुम्ही तरी बावीस वर्षांत कधी गेलात जत्रेला?"

 भिकाजीनं फोन ठेवला आणि मशीन पुसायला घेतलं. मशीन स्वच्छच होतं.

शुक्रवारचं विमान गेलं. रविवारी दुपारी नाव आलं, हेकाऊ. खेळाडू हो म्हणाला होता. भिकाजीच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू साईच गावाला निघाला होता. त्यानं निळ्या धाग्यानं एकेक अक्षर घातलं. सुईचा प्रत्येक टाका मला अजून आठवतो. दुखला नाही एकही.

मग त्यानं मला घडी घालून टेबलावर ठेवलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणात देवापुढे घालतात तसं, मोठ्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! ह्यो पोरगो दर्यापलीकडे आपल्या गावासाठी खेळाक उतारता हा. त्येचे हातपाय धड ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रशांत म्हणाला.

"घर सोडून भायर पडललो माणूस वर्षातसून एकदा तरी घराक पोचांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी नूरैनही म्हणाला. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याचे डोळे भरले होते. दारातून अर्बाब, म्हणजे कारखान्याचा ओमानी मालक, बघत होता. तो नुसतं "इन्शाल्ला" म्हणाला आणि निघून गेला.

कुरिअरवाला मंगळवारी येणार होता. मधला सोमवार जत्रेचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गावाहून व्हिडिओ आला. धनंजयनं पाठवलेला. धनंजय म्हणजे गावचा मानकरी, भिकाजीचा शाळासोबती. प्रशांत आणि भिकाजी दोघंही त्या एवढ्याशा पडद्यावर वाकले. ढोल वाजत होते. झेंडूच्या माळा लावलेला एक टेम्पो हळूहळू येत होता आणि टेम्पोवर पालखी होती, दोरीनं बांधलेली.

चारपैकी दोन घरांचं कुणीच आलं नव्हतं. दोन खांद्यांवर पालखी उचलत नाही. शेवटी टेम्पो आणला.

भिकाजीनं व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. त्याचा डबा तसाच राहिला. प्रशांत म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी जावा तुमी." भिकाजी माझ्याकडे बघत बोलला, "हिच्यासाठी रवलंय मी. ही तरी जावंदे."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

मंगळवारी कुरिअरवाल्याआधी सुचित्रा मॅडम आल्या. त्यांचा चेहरा बघूनच मी काय ते ओळखलं.

"काका, तो सतरावा खेळाडू येत नाहीये. त्याची आई सामोआची आहे. सामोआच्या संघानं बोलावलं त्याला. मोठा संघ, मोठी स्पर्धा, टीव्हीवर दिसतं सगळं. इकडे एकदा उतरला असता तर तिकडची जागा हातची गेली असती. ती जर्सी पाठवू नका म्हणून निरोप आलाय."

त्याला दोष द्यावा का? मी खूप दिवस दिला. आता नाही देत. आईचंही बेट त्याचंच होतं. त्यानं काही फसवलं नाही. बाईंनी त्याची वाट पाहिली, भिकाजीनं बाईंची, आणि मी सगळ्यांची. एवढंच झालं.

"मगे हो आकडो?" भिकाजीनं विचारलं. "चौऱ्याण्णव? हो त्येचोच ना? कधी इलो तर..."

मॅडम म्हणाल्या, "तसं नसतं हो काका. मैदानात उतरेल त्याचा नंबर. त्यांना ऐन वेळी दुसरा मुलगा मिळालाय. तो जुनीच जर्सी घालून खेळणार आहे. आतमध्ये पेननं चौऱ्याण्णव लिहून देतील म्हणाल्या बाई."

पेननं. तीन दिवस आणि एक पालखी घालवून भरलेला माझा आकडा, आणि तिकडे पेननं लिहूनही चालणार होतं.

 नाकारलेल्या कपड्यांच्या पेटीत मला टाकायला भिकाजी निघाला, पेटीपर्यंत गेला, आणि परत येऊन त्यानं मला आपल्या पिशवीत भरलं. अर्बाबनं पाहिलं. "खलास, ले जाओ," म्हणाला.

सामना पंधरा दिवसांनी झाला, ऑकलंडला. आमच्याकडे सकाळ होती, चहाची सुट्टी. मी तेव्हा खोलीत खिळ्याला होते. प्रशांतनं नंतर खोलीत येऊन, आमच्याच खोलीत राहणाऱ्या नूरैनला सांगितलं त्यावरून मला कळलं. सामन्याआधी निऊएच्या पोरांनी मांड्या बडवत आपलं ते युद्धाचं नृत्य केलं तेव्हा भिकाजी उठून उभा राहिला म्हणे. माझ्या सोळा बहिणी चिखलात लोळल्या, ताणल्या गेल्या, एकीची बाही फाटली. निऊए सपाटून हरलं. सतरावा खेळाडू शेवटची काही मिनिटं उतरला आणि भिकाजी तेवढा वेळ त्याच्याकडेच बघत होता. मग तो म्हणाला, "बरो खेळता," आणि कप धुवायला गेला.

मला त्या फाटलेल्या बाहीचा हेवा वाटतो. आजही वाटतो.

त्यानंतरचं वर्ष सांगण्यासारखं नाही. खिळा, दरवाजा, वाळवंटाची धूळ. दरवाजा उघडला की मी भिंतीला चिकटते, मिटला की सुटते. भिकाजी येता-जाता मला बघतो. कधी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

परवा पुन्हा कार्तिकाचा विषय निघाला. या वर्षी त्यानं रजा आधीच, अगदी उन्हाळ्यातच मंजूर करून घेतली होती. कुठलीही ऑर्डर येऊ दे, थांबायचं नाही, असं त्यानं प्रशांतला दहा वेळा बजावलं होतं. शुक्रवारी सुट्टी होती म्हणून त्यानं सकाळीच धनंजयला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"धनंजया, येतंय रे मी. मागचो उजवो खांदो माझो."

पलीकडे धनंजयनं आवाज खाली आणला.

"भिकाजी, तू ये, जत्रेक ये. पण खांद्याचा आता काय नाय रे. गावान बैठक घेतली. दर वर्षी कोण येतलो, कोण नाय, कोणाक ठावक? पालखीक गाडो करून घेतलो, चाकांचो. दोन माणसां ढकलतत. आता कोणाची वाट बघूची नको."

"बरा केलात," भिकाजी म्हणाला. "बरा केलात. देव अडान रवता नये." फोन ठेवल्यावरही तो मान हलवत होता.

मग त्यानं ट्रंक उघडली. तो नवा पंचा काढला, बघितला, आणि परत ठेवून दिला. बहुतेक खांद्याचा मानच गेल्यावर तो वापरायची त्याला लाज वाटली असावी. त्यानं मला खिळ्यावरून काढलं. माझी चार पदरी घडी घातली आणि आपल्या उजव्या खांद्यावर ठेवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तो दोन्ही पाय जरा फाकवून, कंबर ताठ करून, वजन पेलायच्या तयारीनं उभा राहिला. त्याच्या ओठांची हालचाल मला जाणवत होती, आवाज नव्हता.

बराच वेळ तो तसा उभा होता. मी पहिल्यांदाच माणसाच्या खांद्यावर होते. त्याचा खांदा उबदार होता, हाडकुळा होता, आणि थरथरत होता. माझ्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.

मग त्यानं मला परत खिळ्याला अडकवलं आणि प्रशांतला फोन करून सांगितलं, की रजा रद्द करा म्हणून मॅडमना सांग.

म्हणून आज बोलतेय. तुमच्यापैकी कुणी या कॅम्पमध्ये आलात, अकरा नंबरच्या खोलीत, तर एवढं करा. कात्री घेऊन माझ्या कॉलरमधलं ते निळं नाव आणि तो आकडा उसवून टाका, आणि मग मला फरशी पुसायला घ्या. मला चालेल. पण भिकाजीचा खांदा रिकामा आहे हे त्याला रोज दाखवायला मला इथे टांगून ठेवू नका.