तीन नळ्या आणि एक सुकलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. आहे एकच, पण नळ्या मोजायला बसलात तर तीन भरतील. दस्ता एक, चाप एक आणि घसे तीन! थापा मारण्याबद्दल मी आमच्या खोऱ्यात बदनाम आहे, हे आधीच कबूल करते. पण एक गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी रुतून बसली आहे. ती तुम्हांला सांगितल्याखेरीज या कपाटात मला चैन पडायची नाही.

माझ्या जन्माला एक लग्न कारण झालं. फेरलाख गावच्या ओस्वाल्डशी लग्न करताना नोटबुर्गाने अट घातली होती, "घरात बंदूक एकच. दुसरी दिसली की मी माहेरी." तिच्या माहेरी भिंतीवर अकरा बंदुका होत्या आणि जेवणाच्या टेबलाला पाय तीन. ओस्वाल्डने शब्द दिला खरा, पण कड्यावरच्या रानबकरीला लांब पल्ल्याची गोळी लागते, भेकराएवढ्या हरणाला हलकी आणि थोरल्या तांबड्या हरणाला जड. शेवटी तो उस्ताद प्रिमुसच्या कारखान्यात गेला.

"उस्ताद, एका बंदुकीत तीन बंदुका बसवून द्या."

"बायकोला भितोस होय रे?"

"तुम्ही नाही भीत?"

प्रिमुसने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कागद दे इकडे. मापं लिहून घेतो."

मला घडवायला दोन हिवाळे लागले. तिन्ही नळ्यांची मुळं माझ्या एकाच तोंडात, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या खाचेत, केसाचाही फरक न राहता बसायला हवी होती. प्रिमुस नळीचं मूळ दिव्यावर धरून काजळी चढवायचा, ते माझ्या तोंडात सरकवून बाहेर काढायचा आणि जिथे काजळी घासली जाऊन लोखंड चमकेल तिथे कानशीचा एकच हात मारायचा. मग पुन्हा दिवा, पुन्हा काजळी. कीस इतका बारीक निघे की एकदा त्याला शिंक आली आणि तीन दिवसांचं काम चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन पडलं. काडतुसं वेगवेगळ्या जाडीची, म्हणून त्याने प्रत्येक नळीला तिची स्वतःची, काडतूस मागून अडवणारी खिट्टी दिली. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून नळ्यांवर तीन जनावरं कोरली.

मला हवाली करताना त्याने ओस्वाल्डचा कान धरला. अगदी खरोखरच धरला.

"नळी बदललीस की पहिली गोळी कागदाला. बंदुकीला आधी विचारायचं, बाई, नीट बसलीस का? मगच रानात जायचं."

"विचारीन, उस्ताद. कान सोडा."

बावीस वर्षं त्याने विचारलं. त्या काळात माझं जे कौतुक झालं ते सांगायला बसले तर तुम्हांला म्हातारपण येईल. एका थंडीत माझी गोळी म्हणे दरीच्या मध्यावर गोठून राहिली होती आणि वसंतात सुटून नेमकी निशाणावर लागली. ही थाप. पण ओस्वाल्डच्या हातून एकही जनावर जखमी होऊन सुटलं नव्हतं, ही थाप नव्हे. सगळ्या खोऱ्यात असा तो एकटाच शिकारी होता आणि तेवढीच त्याची दौलत होती.

आमच्याकडे जनावर पडलं की शिकारी टोपी काढतो. फरच्या झाडाची हिरवी डहाळी मोडून मेलेल्याच्या तोंडात ठेवतो. तो त्याचा शेवटचा घास. दुसरी डहाळी शिकाऱ्याच्या टोपीवर चढते. दिवस मावळला की ती उतरवायची, अशी रीत आहे.

त्या शरदात ओस्वाल्डने शनिवारी रानबकरी मारली. मंगळवार उजाडला तरी डहाळी टोपीवरच होती.

"डोक्यावर झाड घेऊन हिंडतोस," नोटबुर्गा म्हणाली. "आता पाखरं अंडी घालतील."

"लोकांना दिसू दे की जरा."

"लोकांना दिसलं. आता कंटाळून तुझ्याबरोबर चहा प्यायलाही कोणी येत नाही बघ."

त्याच सकाळी वरच्या उतारावरून डुरकणं ऐकू आलं. थोरल्या तांबड्या हरणाचा नर, चौदा टोकांच्या शिंगांचा. सात वर्षं ओस्वाल्ड त्याची वाट पाहत होता. त्याने घाईघाईने माझी बकरीची नळी काढली आणि माझ्या उघड्या तोंडावर वाकून जड नळी बसवू लागला. टोपी डोक्यावरच होती. सुकलेल्या डहाळीतून सुईसारखं एक पान गळलं आणि माझ्या तोंडात पडलं. मला ते कळलं, मित्रांनो. पण मला ओरडायला नळी लागते, आणि नळी बसली ती त्या पानावरच.

"कागदाला गोळी घातलीस का?" नोटबुर्गाने विचारलं.

"आवाज केला तर तो दुपारपर्यंत सरहद्दीपलीकडे जाईल."

"उस्ताद काय म्हणाले होते?"

"उस्ताद म्हातारे झालेत. मी नाही झालो."

इथून पुढे मी एकही थाप मारणार नाही.

मी गोळी झाडली. नर कोसळला नाही. तो मागच्या पायावर खचला, उठला आणि लंगडत वर निघाला. नोटबुर्गा माग काढणारी हेक्स कुत्री घेऊन आली. एका शब्दाने तिने नवऱ्याला टोचलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं. रक्ताच्या थेंबांवरून आम्ही कड्याच्या माथ्यावर पोचलो. तिथे सरहद्दीचा पांढरा दगड होता. थेंब दगडापलीकडे गेले होते.

पलीकडे दुसरा देश. बंदूक घेऊन एक पाऊल टाकलं असतं तर तुरुंग. हेक्स दोर ताणून पलीकडे पाहत रडत होती.

"मी जातो," ओस्वाल्ड म्हणाला.

"तू गोळी खाशील आणि हरीण तसंच राहील," नोटबुर्गा म्हणाली. "मातियाला निरोप धाड."

मातिया हा पलीकडचा वनरक्षक, आमचीच बोली बोलणारा. निरोप गेला. चार दिवस ओस्वाल्ड रोज त्या दगडापाशी जाऊन बसला. नोटबुर्गाने बांधून दिलेला नाश्ता तो हेक्सला घालायचा.

चौथ्या दिवशी मातिया चढून आला. दगडापलीकडे उभा राहून त्याने टोपी काढली.

"तुझाच ना रे? ओढ्यात उभा होता. पाय सडला होता. खाली बसवत नव्हतं त्याला." टोपीची कड चाचपत तो म्हणाला, "मी संपवलं. शेवटचा घासही मीच दिला."

मग रीतीप्रमाणे त्याने टोपीवर ठेवून डहाळी पुढे केली. "घे. पहिली गोळी तुझी, हक्क तुझा."

"माझा नाही."

"मग कोणाचा? तुमच्या उस्तादाच्या बंदुका वाकड्या मारायला लागल्या की काय?"

ओस्वाल्डने डहाळी घेतली. टोपीवर लावली नाही, खिशात ठेवली. खाली उतरला तो थेट प्रिमुसकडे गेला आणि मी वाकडी मारते असं त्याला सांगितलं. त्या म्हाताऱ्याने माझी नळी काढली, भिंग लावलं आणि चिमट्याने ते चेपलेलं पान बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं.

"वाकडी मारते म्हणालास," तो म्हणाला. "बंदूक खोटं बोलली नाही रे. तू तिला विचारलंच नाहीस."

ओस्वाल्डने स्वतःहून आपला कान पुढे केला. प्रिमुसने तो धरला नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी या कपाटात आहे. तिन्ही नळ्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या आहेत. नोटबुर्गा दर महिन्याला दार उघडून माझी धूळ पुसते, मला गंज चढू देत नाही. तुमच्या हाती कसलंही साधन येवो, सायकलचा ब्रेक असो की विहिरीचा दोर, घाईच्या दिवशी त्याला दोनदा विचारा. त्याला बोलता येत नाही. चूक तुमची असते, दुखतं मात्र तिसऱ्यालाच, आणि तो कुठे उभा असेल तिथे तुम्हांला पोचता येईलच असं नाही.

आणखी एकच सांगते. कपाट बंद करण्याआधी ओस्वाल्डने टोपी काढली. खिशातली मातियाची डहाळी घेतली आणि नळी बसते त्या माझ्या उघड्या तोंडात हळूच ठेवली.

ती अजून तिथेच आहे.