काजळीचा पाचवा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. शेळ्यांच्या पैदास केंद्रात, खिडकीजवळच्या टेबलावर माझी हयात गेली. माणसं माझ्यात डोकावून गर्भ शोधत, आणि मी मात्र माणसं बघत असे. आहे की नाही सुखाची नोकरी?

माझं काम नाजूक होतं. चांगल्या वाणाच्या शेळीला इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक अंडी पिकवत, मग बोकडाकडून तिला फळवत. सातव्या दिवशी भूल देऊन तिचं गर्भाशय कोमट द्रावणानं धुऊन घेत. ते पाणी बशीतून माझ्यापुढे येई. मिठाच्या कणाहून बारीक असे ते गर्भ मी मोठे करून दाखवी. मग ते साध्या शेळ्यांच्या पोटात ठेवले जात. परक्याचं लेकरू पाच महिने वाढवून त्या कधी कुरकुरल्या नाहीत. केंद्रातले सगळ्यांत समजूतदार कर्मचारी त्याच!

बशा धुणाऱ्या मावशी रोज मऊ फडक्यानं माझी भिंगं पुसत. बशी रिकामी करण्याआधी माझ्यातून एकदा बघायचंच, असं त्यांना केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं. वीस वर्षांत त्यांनी एकही बशी न बघता ओतली नाही.

एके सकाळी काजळीची पाळी होती. डोळ्यांभोवती काळं वर्तुळ असलेली ही शेळी आपल्या वंशात एकटीच उरली होती. त्यात आता म्हातारी. "तिला पुन्हा चिरायचं नाही. आज मिळेल तेवढंच," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

माझ्यापाशी नवे डॉक्टर बसले. माणूस हुशार, पण त्यांच्या हुशारीला जरा घाई असे. बशीत त्यांना चार अंडी सापडली. तीन फळलेलीच नव्हती आणि चौथं फुटलेलं.

"बाई, एकही कामाचं नाही," ते आत ओरडले.

डॉक्टरबाई आतल्या खोलीत काजळीला टाके घालत होत्या. "अंडाशयावर अंडी सुटल्याच्या खुणा पाच होत्या. पाचवं कुठंय?"

"वाहून गेलं असेल. इथं नुसता एक बुडबुडा आहे. मावशी, घ्या बशी धुवायला."

मावशी सवयीनं माझ्यावर वाकल्या. बराच वेळ उठेचनात.

"अहो मावशी, नाटक बघताय का?"

"साहेब, इकडे या जरा. बशीच्या तळाला ओरखडा आहे, दिसतोय?"

"दिसतोय. नवी बशी मागवू."

"बशी राहू द्या. आता हे गोल बघा." त्यांनी माझं चाक हळूच फिरवलं. "ओरखडा स्पष्ट झाला की हेही स्पष्ट होतंय. पुसट झाला की हेही पुसट. बुडबुडा असता तर वर तरंगला असता ना? हे तर तळाशी बसलंय."

नवे डॉक्टर बघतच राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला अगदी जवळून दिसले. "मावशी, मी तर ओतूनच..."

"ते नंतर. आधी उचला त्याला, पाणी गार होतंय."

तो पाचवा गर्भ एका तपकिरी शेळीच्या पोटात गेला. पाच महिने नवे डॉक्टर तिच्या गव्हाणीपाशी इतक्या चकरा मारत, की शेळीच वैतागली असावी. शेवटी एका दुपारी मावशी ओंजळीत ओलं पिल्लू घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. पाट होती, म्हणजे मादी. डोळ्यांभोवती काळं वर्तुळ! "बघ रे बाबा, तूच पहिल्यांदा पाहिलीस हिला," त्या मला म्हणाल्या. इतका मान मला कुठल्याही तज्ज्ञानं दिला नाही.

पुढे पडद्याचं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. मावशी निवृत्त झाल्या. माझ्या भिंगांवर बुरशी चढली. पण नव्या डॉक्टरांनीच एकदा मला बाहेर काढलं, बाह्या सरसावून स्वच्छ केलं. आता शिकाऊ मंडळी माझ्यावर हात बसवतात. त्यांना पहिला धडा ओरखड्याच्या बशीचाच असतो, आणि तो कुणी शिकवला हे डॉक्टर न लाजता सांगतात.

मित्रांनो, मला पुसणारे हात मिळाले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याजवळही कुणी माझ्यासारखं जुनं असेल, तर त्याची धूळ पुसत जा. आणि काहीही ओतून देण्याआधी एकदा सावकाश चाक फिरवून बघा. खिडकीखाली काजळीची नात ओरडतेय. तिची धार काढायची वेळ झाली असेल.